गाडीचा इन्शुरन्स आणि अपघाताचा क्लेम: ठाणे-नवी मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

एरवी ‘कोणती पॉलिसी घेऊ’ असं निवांत विचारणारे लोक पहिला मोठा पाऊस पडला की ‘गाडी पाण्यात आहे, आता काय करू’ असं विचारू लागतात. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी माहिती खासगी कारची आहे. टॅक्सी, टेम्पो, रिक्षा यांचे नियम वेगळे. आत्ता रस्त्यावर अडकला असाल तर बाकीचं सगळं सोडा. अपघात असेल तर प्रश्न ७ वाचा, गाडी पाण्यात असेल तर प्रश्न १०.

१. थर्ड पार्टी आणि फुल इन्शुरन्स यात नेमका फरक काय?

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये. दुसऱ्याचा मृत्यू किंवा दुखापत झाली तर भरपाईला वरची मर्यादा नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे.

या पॉलिसीत तुमच्या स्वतःच्या गाडीला एक रुपयाही मिळत नाही. तो मिळतो ‘ओन डॅमेज’ भागातून. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र घेतले की त्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतो. पॉलिसीवर ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ किंवा ‘पॅकेज’ असं छापलेलं असतं. ‘फुल’ शब्दावर फार विसंबू नका. त्यातही काय काय वगळलेलं असतं ते पुढे येईलच.

२. शोरूमने तीन वर्षांचा इन्शुरन्स काढून दिलाय. मग दुसऱ्याच वर्षी रिन्यूअलचा फोन का येतो?

कारण तीन वर्षांचा असतो तो थर्ड पार्टीचा भाग. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तो तीन वर्षांसाठी एकदमच घ्यावा लागतो. ओन डॅमेज बहुतेकदा एकाच वर्षाचा दिलेला असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघा. तो फोन फसवणुकीचा समजून कापून टाकणारे आणि वर्षभर अर्धवट विम्यावर गाडी चालवणारे पुष्कळ भेटतात.

३. आयडीव्ही कमी ठेवली तर प्रीमियम वाचतो ना?

वाचतो थोडा, पण गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली की रडायची वेळ येते. आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यापुरती ठरवलेली किंमत. कंपनीच्या चालू यादी-किमतीतून वयानुसार घट वजा करतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढे कंपनी आणि तुम्ही मिळून आकडा ठरवता.

समजा, दहा लाख यादी-किंमत असलेल्या मॉडेलची तुमची गाडी अडीच वर्षांची आहे. तिची आयडीव्ही सात लाख. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे सव्वापाच लाखांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. गाडीवर कर्ज असेल तर ही रक्कम आधी बँकेकडे जाते, उरलं तर तुमच्याकडे.

४. गॅरेजचं बिल ३५ हजार, कंपनीने दिले साडेचोवीस. बाकीचे पैसे कुठे गेले?

हा प्रश्न रागातच येतो. पण बहुतेक वेळा कुणी खाल्लेले नसतात, ‘डेप्रिसिएशन’मध्ये गेलेले असतात. जुना भाग काढून नवा बसवला, तर जुन्याची झीज कंपनी तुमच्या माथी टाकते. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना ५० टक्के, फायबर ग्लासला ३०, काचेला शून्य. लोखंड-पत्र्याला गाडीच्या वयानुसार: पहिले सहा महिने शून्य, मग वर्षापर्यंत ५, पुढे १०, १५, २५, ३५ असं पाच वर्षांपर्यंत चढत जातं, पाच ते दहा वर्षांना ४० आणि त्यानंतर ५० टक्के.

साडेतीन वर्षांची १,२०० सीसीची गाडी धरू आणि हिशोब सोपा राहावा म्हणून जीएसटी बाजूला ठेवू. बंपर १२,०००, त्यातले ६,००० तुमचे. बॉनेट १०,०००, त्यातले २,५०० तुमचे. रंगकाम ८,०००. एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे २,००० रुपये, रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याचे निम्मे तुमचे, म्हणजे १,०००. मजुरी ५,०००, ती पूर्ण मिळते. शिवाय प्रत्येक क्लेमला सक्तीची कपात: १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. गॅरेजवाले तिला ‘फाइल चार्ज’ म्हणतात. तुमच्या खिशातून एकूण १०,५००.

५. झिरो डेप घेतलं की मग काहीच भरावं लागत नाही ना?

झिरो डेप म्हणजे झिजेची ही कपात न करणारं जादा कव्हर. ते असेल तर जवळजवळ नाही. वरच्या उदाहरणात १०,५०० ऐवजी १,००० भरावे लागले असते. पण फाइल चार्ज सुटत नाही. इंजिन ऑइल, कूलंट, नटबोल्ट यांसारख्या ‘कन्झ्युमेबल्स’चे पैसे वेगळं कव्हर घेतलं असेल तरच मिळतात. टायर आणि बॅटरी झिरो डेपमध्ये धरली आहे की नाही, हे कंपनीगणिक बदलतं. वर्षाला दोनच क्लेम अशी अटही अनेक पॉलिसींत असते. माझं मत विचाराल तर, आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पाच वर्षांची होईपर्यंत हे कव्हर सोडू नये. त्याचे पैसे एका बंपरात वसूल होतात.

६. पार्किंगमध्ये खांबाला घासली. पाच हजारांचं काम आहे, क्लेम करू का?

आधी एनसीबीचा (नो क्लेम बोनसचा) हिशोब करा. क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल ओन डॅमेज प्रीमियमवर सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की ती शून्यावर येते.

तुमचा मूळ ओन डॅमेज प्रीमियम १०,००० आणि आजची सूट ३५ टक्के असं धरा. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी सूट ४५ होऊन ५,५०० भराल, केला तर पूर्ण १०,०००. तिथेच ४,५०० गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५,००० ऐवजी ८,०००, तिसऱ्या वर्षी ५,००० ऐवजी ७,५००. तीन वर्षांत साधारण दहा हजार, वर १८ टक्के जीएसटी. गाडी जुनी होताना मूळ प्रीमियम उतरतो, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल. तरी पाच हजारांसाठी क्लेम करणं तोट्याचंच. ‘एनसीबी प्रोटेक्ट’, म्हणजे क्लेम केला तरी सूट टिकवणारं जादा कव्हर, घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

७. आत्ताच अपघात झालाय. काय करू?

कुणाला लागलं असेल तर आधी माणूस. १०८ किंवा ११२ लावा. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. फक्त जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघून थेट पोलीस ठाणं गाठा.

मग फोटो, गाड्या हलवायच्या आधी. दोन्ही नंबर प्लेट दिसतील असे, लांबून रस्त्यासकट आणि जवळून नुकसानीचे. माजिवड्याला किंवा वाशीच्या पुलावर मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतील, पण दोन मिनिटं काढाच. मुंब्रा बायपाससारख्या कंटेनरच्या रस्त्यावर मात्र आधी हॅझार्ड लाइट लावा आणि माणसांना कडेला न्या, फोटो तिथून. समोरच्याचं नाव, मोबाइल, लायसन्स आणि पॉलिसीचा फोटो घ्या.

कंपनीला त्याच दिवशी कळवा, अॅपवर किंवा टोल-फ्री नंबरवर, आणि क्लेम नंबर लिहून घ्या. क्लेम नोंदवून सर्व्हे, म्हणजे कंपनीकडून नुकसानीची पाहणी, होईपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी खोलू देऊ नका.

जागेवर ‘मिटवून टाकू’ म्हणत कागदावर ‘चूक माझी’ असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दिलेली कबुली किंवा केलेली तडजोड पॉलिसीच्या अटीत बसत नाही.

८. प्रत्येक अपघाताला एफआयआर लागतोच का? आणि कोणत्या पोलीस ठाण्यात?

नाही. खांबाला, डिव्हायडरला घासली, दुसरं कुणी नाही, अशा क्लेमला सहसा लागत नाही. कुणी जखमी किंवा मृत, दुसऱ्याच्या मालमत्तेचं मोठं नुकसान, चोरी, दंगल, आग यांत पोलिसांकडची नोंद हवीच. जखमी असेल आणि पोलीस जागेवर आले नसतील, तर चालकाने २४ तासांच्या आत ठाण्यात कळवायचं असतं.

हद्दीचा घोळ घोडबंदरला नेहमी होतो. गायमुखपर्यंत ठाणे शहर पोलीस, पुढे घाटात मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. दखलपात्र गुन्हा असेल तर कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे.

९. सर्व्हेयर किती दिवसांत यायला हवा? कॅशलेस नसेल तर?

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. छोटी कामं आता व्हिडिओ कॉलवरच पाहिली जातात.

कॅशलेस, म्हणजे कंपनीने थेट गॅरेजला पैसे देणं, फक्त कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये. तुमचा नेहमीचा मेकॅनिक यादीत नसेल तरी गाडी त्याच्याकडे नेता येते. सर्व्हे तिथेच करून घ्या, बिल आधी स्वतः भरा, नंतर पैसे खात्यात येतात. बदललेले जुने भाग सर्व्हेयरने पाहेपर्यंत फेकू देऊ नका.

१०. पावसात गाडी बुडाली. चालू होते का बघू?

नाही. किल्लीला हातच लावू नका. आमच्याकडे येणाऱ्या नाकारलेल्या क्लेमांत ही चूक सगळ्यांत जास्त दिसते.

पूर हा पॉलिसीत धरलेला धोका आहे. पाणी शिरून सीट, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक्स खराब झालं तर ओन डॅमेजमधून मिळतं. पण पाणी शिरलेलं इंजिन सुरू केलं की सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागीच अडकतं. यावर कंपनी म्हणते, हे पुराने नाही, तुम्ही सुरू केल्यामुळे झालं. ते साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ लागतं. आणि ते घेतलेलं असलं तरी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारल्याचं दिसलं तर वाद होतोच.

म्हणून पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, पाणी ओसरल्यावर शक्य असेल तर बॅटरीची वायर काढा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या. वंदना टॉकीजच्या परिसरात किंवा सीबीडीच्या सखल भागात राहत असाल, किंवा सोसायटीचं पार्किंग तळघरात असेल, तर इंजिन प्रोटेक्ट मेमध्येच बघून ठेवा. पॉलिसीच्या मध्यात ते सहसा मिळत नाही, रिन्यूअललाच घ्यावं लागतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी बॅटरी आणि मोटरचं कव्हर वेगळं विचारावं.

११. सोसायटीतलं झाड गाडीवर पडलं. पैसे सोसायटी देणार की कंपनी?

ओन डॅमेज असेल तर कंपनी. बाहेरून अचानक झालेला आघात पॉलिसीत येतो. दरड, दगडफेक, दंगल हेही येतं. सोसायटीच्या हलगर्जीचा वाद वेगळा चालू द्या, त्यासाठी क्लेम अडवून ठेवू नका. झाड तोडून उचलण्याआधी फोटो मात्र हवेत.

१२. खड्ड्यात आपटून टायर फुटला. मिळेल?

फक्त टायर फुटला तर नाही. त्याच धक्क्यात गाडीच्या दुसऱ्या भागाचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्के मिळतात. खड्डे इतके असताना हा नियम अन्यायाचा वाटतो खरा, पण छापील अट तीच आहे. ‘टायर प्रोटेक्ट’ नावाचं जादा कव्हर मिळतं.

१३. चूक शंभर टक्के समोरच्याची. मग माझी एनसीबी का जावी?

तुमच्या कंपनीकडून पैसे घेतलेत तर ती जाते, चूक कुणाचीही असो. दुसरा रस्ता आहे: समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्ता-नुकसानीचा दावा. त्यासाठी पोलीस नोंद, वकील आणि पुष्कळ सबुरी लागते. त्यामुळे मध्यम नुकसानीला लोक स्वतःच्या विम्यावर क्लेम करून मोकळे होतात, आणि व्यवहार म्हणून ते योग्यच. समोरचा जागेवर रोख देतोय आणि रक्कम पुरेशी असेल, तर छोट्या घासाघाशीत ती घेण्यात वावगं नाही. ‘पूर्ण नुकसान भरून मिळालं’ असं लिहून दिल्यावर मात्र तेच नुकसान कंपनीकडे मागू नका.

१४. माझ्या गाडीने एकाला लागलं. त्यांच्या घरचे थेट माझ्याकडे पैसे मागताहेत.

माणुसकीने उपचाराला मदत करा, पण भरपाईचा सौदा करू नका (कारण प्रश्न ७ मध्ये). कंपनीला लेखी कळवा. पुढे कोर्टाची नोटीस आली तर ती त्याच आठवड्यात कंपनीकडे पोहोचवा. लायसन्स आणि पॉलिसी वैध असेल तर भरपाई कंपनी भरते.

जखमीच्या बाजूने विचारणाऱ्यांसाठी: दावा अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. म्हणजे अपघात सोलापूरला झाला तरी ठाण्यात राहणाऱ्याला ठाण्यात दावा लावता येतो. मुदत सहा महिने, ती गृहीत धरूनच चाला. चूक सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रनच्या योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. मे २०२५ मध्ये आलेल्या योजनेनुसार सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचारही आहेत.

१५. गाडी मेहुणा चालवत होता. क्लेममध्ये माझंच नाव टाकू का?

अजिबात नको. वैध लायसन्स असलेला कुणीही तुमच्या परवानगीने गाडी चालवू शकतो आणि क्लेम मिळतो. खोटं नाव टाकलं की मिळणारा क्लेमही बुडतो, कारण सीसीटीव्ही, टोलची नोंद आणि मोबाइलचं लोकेशन आज सहज मिळतं. मेहुण्याकडे फक्त शिकाऊ लायसन्स होतं आणि शेजारी पक्कं लायसन्सवाला नव्हता, किंवा चालवणारा दारू प्यायला होता, तर ओन डॅमेज मिळणार नाही. खासगी नंबर प्लेटवर भाडं मारत असाल तरीही नाही.

गाडीच्या मालकाचा स्वतःचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मात्र मालक स्वतः चालक असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच लागू होतो.

१६. सीएनजी किट बाहेरून बसवलंय. काही फरक पडतो?

पडतो. किटची नोंद आरसीवर आरटीओकडून आणि पॉलिसीवर कंपनीकडून, दोन्हीकडे हवी. एमएच ०४ असो की एमएच ४३, आपल्याकडे अर्धवट नोंदीच्या गाड्या खूप फिरतात. नोंद नसेल तर किटचे पैसे मिळत नाहीतच, आग लागली तर पूर्ण क्लेमवर प्रश्न उभा राहतो. किटच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा प्रीमियम भरायचा असतो. गाडी कंपनीतूनच सीएनजी आली असेल तर किंमत आयडीव्हीत धरलेलीच असते.

१७. पॉलिसी संपून चार दिवस झाले आणि अपघात झाला. ९० दिवसांची सवलत असते ना?

ती सवलत फक्त एनसीबीची. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केली तर जमलेली सूट टिकते. मधल्या दिवसांत विमा नसतोच, त्या अपघाताला काही मिळणार नाही, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून जाईल. रिन्यू करताना कंपनी गाडीची तपासणी करेल.

पीयूसी नाही म्हणून क्लेम मिळत नाही, ही अफवा. असा नियम नाही, हे नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केलंय. दंड होतो तो वेगळा.

१८. सेकंडहँड गाडी घेतली. जुन्या मालकाची पॉलिसी चालू आहे, चालेल ना?

थर्ड पार्टी भाग गाडीसोबत आपोआप तुमच्याकडे येतो. ओन डॅमेज येत नाही. त्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. एनसीबी मालकाची असते, गाडीची नाही. ती विकणाऱ्याकडे राहते, म्हणून फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागते. विकणाऱ्याने कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यावं, नव्या गाडीला ते तीन वर्षांपर्यंत चालतं.

विकणाऱ्यांनो, सह्या करून चावी दिली म्हणजे सुटलो असं नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. नाव बदलेपर्यंतच्या अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येईल.

१९. गाडी चोरीला गेली. उशिरा कळवलं तर क्लेम नाकारतात का?

एफआयआर ताबडतोब करा, ते महत्त्वाचं. एफआयआर लगेच झाला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. तरी कंपनीलाही त्याच दिवशी कळवा, वाद कशाला ओढवायचा! दोन्ही चाव्या, मूळ आरसी, आणि गाडी सापडत नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. आपल्याकडे त्याला ‘अ समरी’ म्हणतात. तो कोर्टातून मंजूर व्हायला महिने लागतात. एक चावी हरवली असेल तर तिची पोलीस नोंद आधीच करून ठेवा.

२०. क्लेम नाकारला. आता कुठे जायचं?

नाकारल्याचं कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तेही. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. सोबत नियामकाच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. ठाण्याला आता लोकपालांचं स्वतंत्र कार्यालय आहे आणि ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघर त्याच्या कक्षेत येतात. जुन्या माहितीवरून अजूनही लोक मुंबई किंवा पुण्याच्या पत्त्यावर अर्ज पाठवतात आणि तो फिरून येण्यात आठवडे जातात. अर्ज ऑनलाइनही करता येतो. ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतोच, फक्त तिथे प्रकरण आधीच चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत.